रोमचा नकाशा आणि रिकामे बाक

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. मुलुंडच्या एका मराठी शाळेत, सहावीच्या वर्गात माझं बस्तान आहे. माझ्यावर प्राचीन रोमचं राज्य छापलेलं आहे.

गिरगावातल्या एका छापखान्यात मी जन्मलो. पाठीला कापड चिकटलं, वर-खाली लाकडी दांडे बसले आणि मी शाळेत आलो. मला उघडलं की पुढे यायला मुलांची ढकलाढकली चालायची. मग आसपास इंग्रजी शाळा निघाल्या आणि बाक रिकामे होत गेले. मलाही गुंडाळून कपाटामागे ठेवलं. तिथे कसरीने माझी आफ्रिकेकडची कड पार कुरतडली.

गेल्या वर्षी संघमित्राबाईंनी मला बाहेर काढलं. त्या इतिहास शिकवतात. त्याच आठवड्यात मुख्याध्यापक श्यामसुंदर सरांनी सांगितलं होतं, की मुलं वाढली नाहीत तर जूनपासून शाळा बंद. बाईंनी माझ्यावर बोट ठेवलं.

"हॅनिबल नावाचा शत्रूचा सेनापती हे डोंगर ओलांडून रोमवर चालून आला. इथे, कॅनीला, एका दिवसात रोमचे हजारो सैनिक मेले. शेतं पडीक राहिली. मिसरूडही न फुटलेली पोरं सैन्यात घ्यावी लागली."

"म्हणजे रोमची वाट लागली ना, बाई?" चेतनाने विचारलं.

"लागलीच होती. पण त्यांनी गुलामांना लढायला बोलावलं आणि बदल्यात स्वातंत्र्य दिलं. सुटलेले गुलाम रोमचे नागरिक होऊ लागले. पुढे आजूबाजूच्या गावांनाही नागरिकत्व मिळालं. रोम पुन्हा माणसांनी भरलं."

"मग युद्धं थांबली?" कृणाल म्हणाला.

"नाही रे. ती माणसंही पुन्हा युद्धावरच पाठवली. तेवढं आपण त्यांच्याकडून शिकायचं नाही."

चेतना खिडकीबाहेर बघत होती. समोर टॉवरचं काम चाललं होतं आणि रेतीच्या ढिगावर मुलं खेळत होती.

"बाई, ती पोरं शाळेत का नाही येत? त्यांना कुणी बोलावलंच नाही ना?"

शनिवारी शाळा सुटल्यावर सगळा वर्ग बाईंबरोबर तिकडे गेला. कृणालने मलाही काखेत मारून नेलं, रंगीत चित्र बघायला पोरं जमतील म्हणून. जमलीच! रोशनी नावाच्या मुलीने माझ्या समुद्रावर तळहात टेकवला. "आये, केवढं पाणी हाय बघ!"

तिची आई सुंदराबाई जालन्याकडची. घमेलं खाली ठेवून ती म्हणाली, "बाई, आज हितं तर उद्या दुसरीकडं. पोरीचा दाखला न्हाई. घेतील व्हय शाळेत?"

"घेणारच. दाखल्यावाचून अडत नाही. शिकणं तिचा हक्क आहे."

सोमवारी सुंदराबाई रोशनीला घेऊन दारात आली. मागोमाग आणखी मुलं आली. जूनमध्ये शाळेची घंटा वाजली, तेव्हा श्यामसुंदर सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. अजून सगळे बाक भरलेले नाहीत. पण वर्ग पुन्हा गजबजतो. माझ्या कुरतडलेल्या कडेला सुंदराबाईने जुन्या लुगड्याची पट्टी शिवून दिली आहे.

मित्रांनो, जुने नकाशे जपा, त्यांना ओल लागू देऊ नका. मी फाटलो तर मला ठिगळ लागतं. कॅनीला गेलेली माणसं मात्र त्यांच्या आयांना परत मिळाली नाहीत. म्हणून माणसं नकाशापेक्षाही जास्त जपा. आणि कुणी दाराशी येऊन घुटमळत असेल, तर त्याला आत बोलवा. थोडं सरकून बसा.