बाराव्या हौदातली मादी

मी मासोळी बोलतेय. सरकारी मत्स्यबीज केंद्राच्या बाराव्या हौदात मी नऊ वर्षं काढली. नदी कशी असते ते मला ठाऊक नाही. माझी आई शेजारच्याच हौदात होती म्हणे, पण आमच्यात ओळख सांगायची पद्धत नसते.

जन्मले तेव्हा मी जिऱ्याच्या दाण्याएवढी होते. बोटाएवढी वाढ झाली की आम्हाला बोटुकली म्हणतात आणि पिशव्यांत भरून गावाबाहेरच्या तलावात सोडतात. तिथं वर्षा-दोन वर्षांत आम्ही गळाला लागतो. माझ्या पिशवीचं तोंड बांधता बांधता एका माणसानं मला बाहेर काढलं. ही अंगानं भरलेली आहे, हिला अंड्यांसाठी ठेवू, असं तो म्हणाला. ते अण्णा. हौदांची सगळी कामं त्यांच्याकडे होती.

अण्णांच्या रबरी बुटाला टाचेजवळ ठिगळ होतं. सकाळी ते हौदात उतरायचे, कोंडा-पेंडीचे गोळे हातानं भरवायचे. शेवाळ खरवडायला लागले की आम्ही अकरा जणी त्यांच्या पायांत घुटमळायचो. “सरका गं बायांनो,” ते म्हणायचे. माणसाला भ्यायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

हंगामात मात्र हाल व्हायचे. आधी अंडी पिकवायची सुई, मग डोळ्यांवर ओलं फडकं, मग पोट दाबून सगळी अंडी परातीत. माझी लाखभर पिल्लं तलावात गेली असतील. एकाचंही तोंड मी पाहिलं नाही. पण तलावाचं पाणी साचलेलं, आणि वाहत्या पाण्याशिवाय आमच्या जातीची मादी अंडी सोडत नाही. तेव्हा तलावात जे काही पोहत होतं, ते आमच्या पोटचं होतं.

गळ टाकणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. त्यांच्या मंडळाचा अध्यक्ष गावातला न्हावी. त्याला सगळे ‘वस्तरा’ म्हणायचे, ते धंद्यामुळे कमी आणि जिभेमुळे जास्त. तो अण्णांच्या बायकोचा सख्खा भाऊ. रविवारी दुकान बंद करून तो तलावावर जायचा आणि जाताना हौदात डोकावून आमच्या रुंद पाठी न्याहाळायचा.

मग केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव आला. मोठे साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला आले. सभा आमच्या हौदाशेजारीच भरली. वस्तरा तावातावानं बोलला. केंद्र गेलं तर तलाव मेला, आमच्या पोरांनी गळ काय डबक्यात टाकायचा, असं त्यानं सुनावलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, गळाच्या परवान्याची फी थोडी वाढवली तर केंद्र चालेल, कोण कोण तयार आहे? हात वर करा.

हौदातून मला माणसं धूसर दिसत होती. तरी एवढं कळलं, की एकच हात वर गेला आणि तो अण्णांचा होता. अण्णांनी जन्मात गळ धरला नव्हता.

महिन्याभरात हुकूम आला. हौद रिकामे करा, अंड्यांच्या माद्या मारून चुन्यात पुरा. चुन्याची पोती येऊन पडली. अण्णांनी त्यांना हात लावला नाही. साहेबांच्या दारात दोन दिवस उभे राहून त्यांनी आम्हाला तलावात सोडायची परवानगी मिळवली. मग मेहुण्याला बोलावून घेतलं. ह्या हातावर वाढल्यात, माणूस दिसला की जवळ येतात, पंधरा दिवस तरी कुणी गळ टाकू नये, असं त्यांनी विनवलं.

“दाजी, शब्द दिला,” वस्तरा म्हणाला. “तुमच्या मासोळ्या त्या आमच्या बहिणी.”

दुपारी आम्हाला टाकीतून नेलं. अण्णांनी एकेकीला दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. एवढं पाणी मी प्रथमच पाहत होते. त्याला भिंतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काठ माणसांनी भरला. वस्तऱ्यानं आदल्या संध्याकाळीच दुकानाबाहेर पाटी लावली होती: भव्य स्पर्धा, सर्वांत मोठ्या माशाला चषक. आम्ही माणसांच्या सावल्या पाहिल्या आणि खाणं आलं म्हणून काठाकडे निघालो. पहिल्या घटकेत चौघी गेल्या.

अण्णांना कुणीतरी सांगितलं असावं. ते धावत आले, सगळ्यांना हात जोडत फिरले. लोक हसले. तेव्हा ते कपड्यांनिशी पाण्यात शिरले आणि आम्हाला पळवून लावायला काठीनं पाणी बडवू लागले.

आम्ही तो ठिगळाचा बूट ओळखला. उरलेल्या साती जणी त्यांच्याकडे गेलो.

“जा ना गं! जा!” ते लाथा मारत होते. मला एक लाथ लागली. तरी आम्ही पायांशीच फिरत राहिलो. त्यांनी कधी मारलं नव्हतं, म्हणून मारणं आम्हाला कळेना. मग काठावरून कुणीतरी ओरडलं, मासे दाजींपाशी आहेत. सगळे गळ त्यांच्या भोवती पडू लागले. एक अण्णांच्या दंडात रुतला, तोही लोकांनी ओढून पाहिला. माझ्या ओठातला गळ मात्र ओठ फाटून निघाला, म्हणून मी खाली गेले. बाकी दहाही जणी काठावर गेल्या. चषक वस्तऱ्यानंच घेतला.

त्यानंतर अण्णांच्या बायकोनं माहेरचा उंबरा ओलांडला नाही. अण्णांची बदली दूरच्या एका गोदामावर झाली. दोन वर्षांत तलाव रिकामा झाला. मंडळाची माणसं रविवारी रिकाम्या टोपल्या घेऊन बसतात आणि सरकारला शिव्या देतात.

परवा नवे साहेब तलावाच्या काठावर आले होते. मंडळानं अर्ज दिला होता, केंद्र पुन्हा सुरू करा म्हणून. साहेब म्हणाले, करता येईल, पण अंड्यांसाठी जुन्या माद्या लागतील, त्या तलावात सोडल्याची नोंद आहे, कुठे आहेत त्या?

सगळ्यांनी वस्तऱ्याकडे पाहिलं.

“मेल्या असतील,” वस्तरा म्हणाला.

मी जिवंत आहे. यंदाही पोट अंड्यांनी तटतटलंय. ती बाहेर येणार नाहीत, अंगातच जिरतील. तुम्ही हे ऐकलंत, एवढं पुरे. मी इथं आहे हे कुणाला सांगू नका. अण्णांना तर मुळीच नको. ते मला न्यायला येतील, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचेही येतील.