घासलेली काच

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. तोकुजी आजोबा आठवतात तुला? वर डोंगरात पर्सिमॉनची, त्या केशरी फळांची, बाग आहे ते, छोट्या पांढऱ्या गाडीवाले, मागे म्हाताऱ्या ड्रायव्हरांनी लावायचं ते चार पानांचं स्टिकर, तेही तिरकं चिकटवलेलं. हां, तेच.

तर जूनमध्ये ते आणि त्यांचा मुलगा कात्सुनोरी आमच्या गॅरेजात आले. मुलगा ओसाकाहून मुद्दाम आलेला, कारण आदल्या आठवड्यात आजोबांनी संध्याकाळच्या वेळी गाडीने शेजाऱ्यांची टपालपेटी उडवली होती. दोघांची दारातच जुंपली.

"गाडीचे दिवे मंद झालेत," आजोबा म्हणाले.

"दिवे नाही बाबा, डोळे."

"डोळे ठणठणीत आहेत. तुझं टक्कल इथून दिसतंय मला."

मला फिसकन हसू आलं. मुलगा नाही हसला. म्हणाला, "ठरलंय ना आपलं? दिवे खराब निघाले तर नवे बसवून देतो. चांगले निघाले तर लायसन्स परत करायचं."

आजोबा माझ्याकडे वळले. "शिओरी, तू म्हणशील ते मान्य. तू ना माझ्या बाजूची, ना त्याच्या."

मालक बाहेर गेलेले, म्हणजे सगळं माझ्यावर! अगं, दोन वर्षं नुसती चाकं काढतेय मी, पहिल्यांदा कुणीतरी मला मत विचारत होतं. दोघांना गार बार्लीचा चहा दिला, बसवलं, गाडी आत घेतली, धुतली, दिव्यांच्या काचा घासल्या, दिवे तपासायच्या यंत्रापुढे उभी केली. डावा पास. उजवा पास. मी पळतच बाहेर आले, "दिवे एकदम मस्त आहेत!" मस्त म्हटलं गं मी, हात वर करून.

आजोबांनी कप खाली ठेवला. "असं होय," म्हणाले. "मग डोळेच असतील."

त्याच आठवड्यात लायसन्स गेलं. पोलिसांनी आठवण म्हणून भोक पाडून कार्ड त्यांच्याच हातात दिलं. गाडी त्यांनी खालच्या गावातल्या नात्सुएताईंना देऊन टाकली. आणि एकदा परत केलेलं लायसन्स पुन्हा मागून मिळत नाही, पहिल्यापासून सगळ्या परीक्षा. एकोणऐंशीव्या वर्षी कोण देतंय? वर त्यांच्याकडे बस मंगळवारी आणि शुक्रवारी, बास.

आता काल काय झालं ते ऐक. नात्सुएताई आल्या. वय तेहतीस, नजर घारीची. म्हणाल्या, "शिओरी, दिवे गेलेत का गं हिचे? बोगद्यात शिरलं की काही म्हणजे काही दिसत नाही." मी पुढे जाऊन बघते तर काचा शिळ्या चहासारख्या पिवळ्या. आणि मला एकदम जून आठवला.

कारण आमच्याकडे तपासणीची गाडी आली की आधी काच घासायची, मग यंत्रापुढे न्यायची. मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. घासली की काच चकाचक, यंत्र खूश, शिक्का मिळतो. चार-पाच महिन्यांत परत पिवळी. दिवा बदलायची वेळ कशी ओळखायची ते मला येतं गं! काच पिवळी, रस्त्यावर उजेडाऐवजी नुसता धुरळा, घासूनही टिकत नाही, मग बदल. एवढं सोपं. जूनमध्ये माझं फडकं पिवळंजर्द झालं होतं. ते बादलीत टाकलेलं पण आठवतंय. आजोबा ज्याबद्दल बोलत होते तेच मी पुसून काढलं, आणि मग तपासलं!

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "यंत्रावर पास झाली होती ना? मग तोंड बंद."

आणि तेवढ्यात, खरं सांगते, तेवढ्यात आजोबा आले. शुक्रवार ना, बसने. हातात पर्सिमॉनची पिशवी.

"घे, यंदाचे एवढेच. बाकीचे झाडावरच राहिले, माकडांची चंगळ. खाली आणणार कसे?" मग स्टुलावर बसले. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. म्हणतो, नजर उत्तम आहे. म्हाताऱ्याचं मन राखतात गं लोक. तू नाही राखलंस. नाहीतर एखादं पोर आलं असतं गाडीखाली." आणि उठून मला वाकून नमस्कार केला. मला! पार कमरेतून.

आतून मालक खोकले. "यंत्र खोटं बोलत नाही, तोकुजीकाका."

आजोबा जायला वळले आणि त्यांना गाडी दिसली. जवळ गेले, बॉनेटवर हात ठेवला. "अरे, ही तर माझीच. काय झालं हिला?"

नात्सुएताई चहा घ्यायला आत गेलेल्या. मालक दारात उभे, माझ्याकडे बघत. आजोबांचा हात दिव्यापासून वीतभर अंतरावर.

मी म्हटलं, "काही नाही आजोबा. ऑइल बदलायचंय."

ही बघ पिशवी. एकसुद्धा खाल्लेलं नाही मी. तू सांग, तू तिथे असतीस तर काय म्हणाली असतीस?