सात नको होता

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. सापशिडीतला चौकोनी नाही हां, मला वीस बाजू आहेत. गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं, आकड्यांत पांढरा रंग भरला, झालो मी. जन्मलो तेव्हा एकदम सरळ होतो. सगळे आकडे मला सारखेच.

मला ताईने आणलं. खेळ ती चालवायची. जेवणाच्या टेबलाभोवती तिचा धाकटा भाऊ, मावसभाऊ चष्मिस आणि समोरच्या टेलरची मुलगी ढमी, असे तिघं बसायचे. कागदावर कोणी शूरवीर, कोणी वैद्यीण व्हायचं आणि सगळे बसल्या जागी जंगल तुडवायचे. जंगलात कोण भेटणार ते ताईच्या वहीत. एक ते वीस, वीस ओळी. माझा आकडा येईल ती ओळ. चारवर भुकेले लांडगे. अकरावर रस्ता चुकलेला राक्षस, तो आधी पत्ता विचारतो. वीसवर कोणी नाही, नुसता थंड झरा. आणि सातवर दगड्या. दिसायला साधा धोंडा, जवळ गेलात की उठून चिरडतो.

ताई पुठ्ठ्याच्या आडोशामागे मला टाकायची आणि गालात हसायची. तेवढ्यानेच तिघांची टरकायची. काय दिवस होते!

मग एकदा धाकटा मला पॅन्टच्या खिशात विसरला आणि त्याने त्याच पॅन्टवर इस्त्री फिरवली. चर्र! माझी चौदाची बाजू चपटी झाली. त्याने मला ओढून काढलं, फुंकर मारली, इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप खेळाच्या डब्यात टाकलं.

चौदाच्या बरोबर उलट बाजूला सात असतो. आता मला टाकलं की चपट्या बाजूवर बसायचो आणि वर सात. हवेत असताना ओरडावंसं वाटायचं, सात नको, सात नको! पण फाशाच्या हातात काय असतं? चौदा खाली टेबलाला चिकटलेला, दिसणार कोणाला?

एका रविवारी लागोपाठ तीन दगड्या आले. तिसऱ्याने ढमीची वैद्यीण चिरडली. दोन वर्षं जपलेली.

"परत दगड्याच?" ढमी रडायच्या बेतात. "ताई, तू मुद्दाम करतेस."

"अगं, फासा पडतो तसं सांगते मी."

"आडोशामागे काय पडतं कोणी बघितलंय?" चष्मिस म्हणाला.

"चीटिंग आहे ही, सरळ चीटिंग!" सगळ्यात मोठा आवाज धाकट्याचा.

ताईने पुठ्ठा बाजूला सारला. "हे घ्या. उघड टाकते."

मी गडगडलो. जीव तोडून गडगडलो. सात.

"बघितलंत? हातच बसवलाय हिने!" धाकटा ओरडला.

ताईने वही मिटली, मला बटणांच्या डब्यात टाकलं. ढमी परत आलीच नाही. रविवारी टेबलावर आता नुसते इस्त्रीचे कपडे पडलेले असतात.

महिन्याभराने धाकट्याने मला बाहेर काढलं. एकटाच होता. टाकलं, सात. परत टाकलं, सात. मग उलटा करून चपट्या बाजूवर अंगठा फिरवला. त्याचा चेहरा पडला. मला मुठीत घट्ट धरून तो ताईच्या दारापर्यंत गेला. मला वाटलं, सुटलो!

"काय रे?" ताईने मान वर न करता विचारलं.

त्याने मूठ पाठीमागे नेली.

"काही नाही," तो म्हणाला आणि मला परत बटणांत टाकलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, सारखा एकच आकडा यायला लागला तर आधी फासा उलटा करून बघा, मग माणसावर ओरडा. आणि चूक तुमचीच निघाली तर दारातून मागे फिरू नका. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं ना?