मऊ पट्टी

दहा वाजता ह्यांची बँडमधली वाजवण्याची परीक्षा, आणि नऊ वाजता मला कळलं की सासूबाईंनी चारही पट्ट्या मीठ घालून उकळल्या आणि गच्चीवर कुरडयांशेजारी उन्हात टाकल्या आहेत. झाशीचं मे महिन्यातलं ऊन काय असतं, ते साताऱ्याच्या माणसाला सांगून कळत नाही.

पट्टी म्हणजे सॅक्सोफोनची रीड. बोटभर लांबीची, वेताची, एका टोकाला कागदाइतकी पातळ. ती वाद्याच्या तोंडाशी बांधायची, ओठाने दाबायची आणि फुंकायचं. थरथरली तर सूर, नाहीतर नुसता वारा. आमचे हे, हवालदार सुजित, फौजेच्या बँडमध्ये पंधरा वर्षं तीन नंबरची पट्टी वाजवत आले. नंबर जितका मोठा तितकी पट्टी कडक, आणि ओठ तितकाच घट्ट लागतो.

जानेवारीत सुट्टीवर गावी गेलो आणि एका पहाटे ह्यांच्या तोंडाची डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, सावकाश येईल. चेहरा आला, ओठ काही पुरता आला नाही. डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची. पलटणीत कळलं तर बँड सुटणार, कुठेतरी भांडारात बसवणार, हे ह्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. "अनु, वाजवता येत नाही तर मी आहे कोण?" असं एकदा म्हणाले. मी म्हटलं, आहात ते आहात, आधी जेवून घ्या. पण धडकी मलाही भरली होती, खोटं कशाला बोलू.

मग आमची लपवाछपवी सुरू झाली. दोन नंबरच्या मऊ पट्ट्या दिल्लीहून मागवल्या. दहातल्या चार धड निघाल्या तरी नशीब. खिडकीपाशी उजेडात धरून मी एकेक बघायची: आतले धागे सरळ आहेत का, टोकाचा पातळपणा दोन्हीकडे सारखा आहे का. मग पाण्यात भिजवायची, हे पाच मिनिटं फुंकणार, की पुसून काचेवर सपाट ठेवायची. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. काचेवर डुगडुगली तर खालून पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासायची. इथल्या कोरड्या हवेत टोकं वेडीवाकडी होतात, म्हणून स्टीलच्या डबीत बटाट्याच्या सालीबरोबर ठेवायची. आणि शेवटी मागे छापलेला दोनचा आकडा खरवडून टाकायची. ओरछा गेटच्या हार्डवेअरवाल्याने विचारलं, "भाभीजी, इतना महीन पेपर, घिसती क्या हो?" मी म्हटलं, नशीब.

सासूबाई, बायडाबाई, परवाच गावाहून आल्या. त्यांच्या मते लेकाचं तोंड ह्या उष्ट्या लाकडामुळेच गेलं. "रोज तीच तोंडात, तीच डबीत, आन वर बटाट्याची साल. उष्टं-खरकटं काय कळतंय का नाय तुमास्नी?" मी हसण्यावारी नेलं. तिथेच चुकले. परीक्षेच्या दिवशी तरी लेकाने स्वच्छ वस्तू तोंडात घालावी, म्हणून बाईंनी पहाटे उठून हे सगळं केलं.

मी गच्चीवर धावले. चारही पट्ट्या वाकून बसल्या होत्या, टोकं फुलून चिरलेली. "आई, काय केलंत हे," एवढंच बोलले. पुढचं जिभेवर आलेलं गिळलं, कारण म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

हे गणवेश घालून तयार होते. पट्ट्या बघितल्या आणि पलंगावर बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला. "पेटीत एक जुनी आहे," म्हणाले. "तीन नंबरची." मी ती भिजवली, काच घेतली, पेपर घेतला आणि घासायला बसले. अर्ध्या तासात तिनाची दोन होते का कधी? घाईघाईत टोक काचेवर टकटक वाजायला लागलं. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. फाटली तर तीही नाही."

आणि तशीच घेऊन गेले.

बँडची खोली आमच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीपलीकडेच. मी परसात नळाखाली बादली लावली आणि कान देऊन उभी राहिले. आधी कुणाचं तरी क्लॅरिनेट झालं, स्वच्छ. मग आमचं. पहिला सूर लागला, दुसरा लागला, आणि मग फुस्स झालं, कुकरची रिंग गेल्यासारखं. थांबले. पुन्हा सुरुवात, पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा वाजलंच नाही. बादली भरून वाहत होती आणि मला नळ बंद करायचं सुचत नव्हतं.

हे साडेबाराला आले. बूट न काढताच स्वयंपाकघरात उभे राहिले.

"सांगून टाकलं सगळं. बँडमास्तर सुभेदार विक्रम सिंग साहेबांनी विचारलं, आज कौन सी रीड है? मी म्हटलं, साब, तीन. चार महीने से दो बजा रहा था, आज घर में बची नहीं."

"मग?"

"सहा महिने मागच्या रांगेत, मऊ पट्टीवरच, उघड. उद्यापासून इस्पितळात ओठाचे व्यायाम. मग पुन्हा परीक्षा. तेव्हा नाही जमलं तर भांडार." टोपी काढून म्हणाले, "त्यांना फेब्रुवारीपासून माहीत होतं, अनु. मऊ पट्टीचा सूर वर गेला की बारीक होतो. आकडा खरवडून काय होणार, कान आहेत ना त्यांना."

मला संतापच आला. "मग बोलले का नाहीत? चार महिने मजा बघत बसले?"

"म्हणाले, तू डरा हुआ था. मैं पूछता तो तू झूठ बोलता, और वो झूठ मुझे रिपोर्ट में लिखना पड़ता." हे बूट सोडायला खाली बसले. "मी आपणहून सांगीन म्हणून वाट बघत होते. रोज सराव संपल्यावर दहा मिनिटं खोलीत एकटेच बसून राहायचे. मला वाटायचं, नजर ठेवतायत. मी सगळ्यांच्या आधी पळून यायचो."

सराव संपला की तडक घरी या, कुणापाशी थांबू नका, असं रोज सकाळी दारात उभी राहून मीच बजावत होते.