खंडाचं कारण

विजयमाला आपल्याच हातानं चुकली, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोयच नाही. सोलापूरच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली टायपिंगवाले बसतात, त्यांत चौदा वर्षं बसलेली बाई ती. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचं असो की वारसाची नोंद, तालुक्या-तालुक्यातल्या माणसांची ॲफिडेव्हिटं हिच्या हाताखालून गेलेली. आणि खरं सांगायचं तर या धंद्यात नवा मजकूर कुणी लिहीत नाही. जुन्या पक्षकाराची फाईल उघडायची, नाव, वय, पत्ता बदलायचा, की काढ प्रिंट. पक्षकार उन्हात उभा असतो, त्याला एसटी गाठायची असते.

तसंच तिनं स्वतःचंही केलं.

वकिलीची पदवी तिनं अठ्ठाविसाव्या वर्षीच घेतली होती. आता एकेचाळिसावं सुरू. इतक्या उशिरा सनद मागायची तर मधली वर्षं काय केलं ते बार कौन्सिलला शपथेवर सांगावं लागतं. त्याला खंडाचं कारण म्हणतात. बायकांचं हे कारण ठरल्यासारखंच असतं: 'विवाह, बाळंतपण व दोन मुलांचे संगोपन.' कितीजणींना तिनं हेच टाइप करून दिलं होतं. स्वतःच्या वेळी नाव बदललं, वय बदललं, जुळे सोलापूर भागातला आपला पत्ता घातला आणि कारणाची ओळ तशीच राहिली. चनमल्लप्पा वकील नोटरी. त्यांनीही, विजयमालानं टाइप केलंय म्हणजे बघायचं काय, असं म्हणून शिक्का हाणला.

लग्न झालं नव्हतं तिचं. पोरं कुठली आलीत! माळशिरसकडच्या गावातून वडिलांना, आण्णांना, अर्धांगाच्या उपचाराला म्हणून आणलं, ते अकरा वर्षं तिच्याच दोन खोल्यांत अंथरुणावर राहिले. भाऊ धनाजी मेंढरांच्या मागं, त्याचा फोन सणासुदीला. सकाळी आण्णांचं आवरायचं, दुपारपर्यंत टायपिंग, पुन्हा घर. आण्णा गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून एक भाकरी थापायची, त्यातली अर्धी उरायची. रविवारी तोंड उघडायचं ते दूधवाल्यापाशी, तेही "अर्धा लिटर" एवढंच.

मग आत्ताच सनद कशाला आठवली? तर शेडखाली बसून तिनं एक गोष्ट रोज पाहिली होती. वकिलाची कुणीतरी वाट बघतं. वकील यायला उशीर झाला तर पक्षकार फाटकापाशी येरझाऱ्या घालतो, फोन करतो, "सायब, कुटं हाय तुमी?" म्हणून जीव टाकतो. टायपिस्ट आली नाही तर माणूस शेजारच्या टेबलाशी जातो. आपलीही सकाळी कुणीतरी वाट बघावी, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी कौन्सिलची सनद, आणि सनदेपाठोपाठ ती ऑल इंडिया बारची परीक्षा.

चूक कळली ती कौन्सिलच्या पडताळणीच्या टेबलासमोर. समितीतल्या बाई मायाळू होत्या. कागद चाळता चाळता त्या म्हणाल्या, "अरे वा, दोन मुलं सांभाळून! कितवीत आहेत?"

विजयमालाला न बदललेली ती ओळ आत्ता आठवली. 'मॅडम, चुकून राहिलंय' एवढंच म्हणायचं होतं. पण परीक्षेच्या फॉर्मची मुदत शुक्रवारी संपत होती आणि सनदेचा नंबर असल्याशिवाय तो फॉर्म उघडत नव्हता.

"मोठा आठवीत, धाकटी पाचवीत," ती म्हणाली.

बाईंनी नावं विचारली. तिनं नावंही सांगितली. एकदासुद्धा अडखळली नाही. बाहेर जिन्यात आल्यावर ती पायरीवरच बसली. खोटं बोलल्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त धसका याचा की नावं तयार होती. कधीपासून तयार होती कुणास ठाऊक.

नंबर मिळाला. फॉर्म भरला. चार महिने ती अभ्यासाला बसली, आणि खोटं कशाला बोला, ते दिवस तिचे बरे गेले. पोळपाटाशी कलमं पाठ म्हणताना घरात आवाज असायचा. कधीमधी "गप बसा रे, आई अभ्यास करतीया," असं तोंडातून जायचं आणि ती चपापून इकडंतिकडं बघायची.

परीक्षा पुण्याला झाली. आणि नेमकं तेच पुढ्यात आलं की! पेपरात वकिलाच्या नीतिमत्तेवर एक प्रश्न: आपण दाखल केलेल्या शपथपत्रातला मजकूर खोटा आहे हे लक्षात आल्यास वकिलानं काय करावं? पर्याय चार. उत्तर शेंबड्या पोरालाही आलं असतं. तिनं गोल काळा केला, पुढचे प्रश्न सोडवले, आणि शेवटी उरलेला पाऊण तास त्या काळ्या गोलाकडं बघत बसली.

बाहेर फाटकाशी ही गर्दी. कुणाचा नवरा तान्ह्या लेकराला खांद्यावर घेऊन उभा, कुणाची आई डबा घेऊन. "कसा गेला पेपर?" जो तो कुणाला तरी विचारत होता. विजयमाला त्या घोळक्यातून नीट वाट काढत बाहेर पडली, तिला कुणी अडवलं नाही. पार स्वारगेटपर्यंत चालत आली तरी कुणी विचारलं नाही. तिला इतकं एकटं आण्णा गेल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडखाली येऊन तिनं मशीन सुरू केलं. जुनी फाईल उघडली नाही. कोरं पान घेतलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच एका कागदाला तिला अख्खी सकाळ लागली. दोन पक्षकार वाट बघून शेजारी जोतिरामच्या टेबलाला गेले.

चनमल्लप्पांनी या वेळी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. "मी अविवाहित आहे. मला मुले नाहीत. यापूर्वी दिलेले कारण खोटे असून, पडताळणीवेळीही मी खोटे सांगितले. अकरा वर्षे मी अंथरुणास खिळलेल्या वडिलांची सेवा केली. पुढील दोन वर्षे सनद घ्यावीशी वाटली नाही, कारण घरी जाऊन सांगावे असे कोणी नव्हते." ते थांबले. "अव्वा, हे पाठवणार तू? सनद काढून घेतील की! परीक्षापण पाण्यात."

"व्हय. ठावं हाय."

"अगं, कोण बघायला जातंय तुझी पोरं हायत का न्हाईत?"

"कुणीच न्हाय," ती म्हणाली. "माझं खरं सांगणारं मागं कुणीच न्हाय, म्हणून मलाच सांगाय लागतंय."

 म्हाताऱ्यानं शिक्क्याची डबी उघडली, पुन्हा मिटली. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "नावं काय सांगितलीस तितं?"

"थोरला अजिनाथ. धाकटी प्रियदर्शनी," विजयमाला म्हणाली. "घरात आमी पियूच म्हणतो तिला."

बोलून गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं. चनमल्लप्पांनी मान खाली घातली.

"नावं चांगली हायत," ते म्हणाले. "सही कर."

तिनं सही केली. आणि मग भर दुपारी, समोर पक्षकारांची रांग लागलेली असताना, त्या दोघांसाठी ओक्साबोक्शी रडली.