अक्रोडाचा उलटा बाक

दुपारच्या शांततेत दाराची कडी खळ्ळकन वाजली आणि ती दबक्या पावलांनी दाराकडे धावली. भिंगरी आत्ता कुठे झोपली होती. तिची ही पाच वर्षांची पोर जागी असली की नावाला जागून घरभर फिरायची. तिचा डोळा लागला की मगच स्वयंपाकघरातलं टेबल पुसून त्यावर आईचं ऑफिस थाटलं जायचं.

दारात मामा उभा होता. तिचा सख्खा मामा, आणि ती कागदावर जे फर्निचर काढायची ते लाकडात उतरवणारा सुतार. मिशांत भुसा, चेहरा पडलेला.

"बाक खिडकीत बसत नाही गं."

"मग थोडा रंधा मार ना. आणि हळू बोल, ती उठेल."

"रंध्याने भागलं असतं तर उन्हातान्हात तुझ्या दारात आलो असतो का? अख्खा उलटा झालाय. डावं ते उजवं, उजवं ते डावं."

तिने मामाला आत ओढलं. शहराबाहेरची ती जुनी हवेली पडता पडता हवेलीच्या मालकीणबाईंनी सावरली होती. आता तिथे लग्नं, मैफली, मेजवान्या होणार होत्या. वादळात बागेतलं जुनं अक्रोडाचं झाड आडवं झालं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "मोठ्या दालनातल्या खिडकीत या झाडाचा बाक करा. तो मनासारखा झाला, तर दालनातलं सगळं फर्निचर तुम्हीच करायचं." झाडाचं खोड आतून पोखरलेलं निघालं. जेमतेम एका बाकापुरतं लाकूड हाती लागलं. आणि भिंगरी झाल्यापासून तिच्याकडे चालून आलेलं हे पहिलंच मोठं काम.

खिडकी बाहेरच्या बाजूला अर्धगोल फुगलेली होती, पण जुन्या गवंड्याचा हात एका बाजूला जरा जास्तच वळला होता. म्हणून तिने भिंतीला खाकी कागद लावून साचा कापून दिला होता. मामा-भाचीचा ठरलेला नियम असा, की पेन्सिलीच्या खुणा दिसतील ती बाजू वर.

मामाने काखेतली गुंडाळी उलगडली. एका बाजूला तिच्या फिकट खुणा. दुसऱ्या बाजूला, ठसठशीत, दात विचकणारा एक मासा.

"मामा, हा मासा तुला दिसला नाही?"

"दिसला की. म्हटलं, तुझी काहीतरी नवी फॅशन असेल."

"दातवाला मासा?"

"मागच्या खेपेला खुर्चीला वाघाचे पंजे लावायला लावलेस, तेव्हा मी विचारलं होतं का, वाघ कुठाय म्हणून?"

तिला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात डोळे चोळत भिंगरी बाहेर आली आणि कागद पाहून खूश झाली. "माझा मासा! मामाआजोबा, आवडला ना तुम्हाला?"

"फार आवडला, बाई माझे. इतका, की मी त्याचंच ऐकलं."

पोरीला ठेवायचं कुणाकडे? मामाच्या टेम्पोत तिघंही बसले.

दालनात ओल्या चुन्याचा वास होता. बाक खिडकीपुढे पाहुण्यासारखा अवघडून उभा होता. एका टोकाला भिंत आडवी येत होती, दुसऱ्या टोकाला मूठ जाईल एवढी फट. उलथून ठेवावा तर पाय आकाशात. मामाने मात्र काम असं केलं होतं, की कडेवरून हात फिरवताना तिला गलबलून आलं.

"भिंत तासू का जराशी?" मामा पुटपुटला.

"तुझी जीभ तास आधी. बाई आल्या."

मालकीणबाईंसमोर तिने आडपडदा ठेवला नाही. "बाक उलटा झालाय. चूक आमच्या घरातली आहे. साचा देण्याआधी मी मागची बाजू पाहायला हवी होती."

बाई बाकाभोवती फिरून एकेक टोक पाहू लागल्या. त्यांच्याकडे बघवेना म्हणून तिने मान वळवली, तर नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथेही खिडकी होती. गवंडी तोच, पण इथे त्याचा हात नेमका दुसऱ्या बाजूला वळला होता. तिने कागद उचलला, मासा वर केला आणि त्या खिडकीतल्या फरशीवर अंथरला. साचा भिंतीला बिलगला. एका कोपऱ्यात तेवढी बोटभर फट उरली.

"मामा, उचल!"

हवेलीतली चार माणसं लागली. बाक आत सरकला, थोडा कुरकुरला आणि बसला. "फटीत पट्टी घालतो," मामा घाम पुसत म्हणाला, "कुणाच्या बापाला कळणार नाही."

"पण मला बसल्या जागी तळं दिसायला हवं होतं," बाई पहिल्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या. तरीही येऊन बसल्या. या बाजूला नुसतं मागचं अंगण, वाळत घातलेली फडकी आणि सिगारेट ओढत उभा असलेला माळी. खिडकीत मालकीण पाहताच त्याने सिगारेट पाठीमागे लपवली.

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "तळ्यापेक्षा इथे करमणूक बरी दिसते." त्या बाकावर मागे रेलल्या. "खुर्च्यांची चित्रं घेऊन या. टेबलांचीही."

ती माशाच्या कागदाची गुंडाळी करू लागली.

"मात्र त्या खिडकीतही मला बाक हवा," बाई उठता उठता म्हणाल्या. "असाच. याच झाडाचा."

मामा एकदम छताची नक्षी न्याहाळू लागला. ती तोंड उघडणार, तोच भिंगरीने तिची ओढणी ओढली.

"आई, मग दुसरं झाड कधी पडणार?"