विष मनगटाशी, अमृत खांद्याशी

ज्युदोच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. गाद्यांवर पोरं, भिंतीशी आईबाप, खिडक्यांत लटकलेले शेजारी. मधोमध ज्युदोच्या पांढऱ्या पोशाखात आमचे गुरुजी.

त्यांनी एका दांडगट ट्रकचालकाला हात आडवा धरायला लावला. दुसऱ्या मुठीत त्याचीच रक्तदाबाची गोळी दिली. दाबलं. हात धप्पकन खाली! मग मुठीत लाकडाचा तुकडा दिला; जपानच्या कुण्या महागुरूंच्या तलवारीच्या मुठीचा म्हणे. पुन्हा दाबलं. हात हलेचना.

"शरीर खोटं बोलत नाही!" गुरुजी गरजले. "गोळी म्हणजे विष. हे लाकूड म्हणजे प्राणशक्ती. डॉक्टर पोट भरतो, मी प्राण भरतो!"

टाळ्या. सगळ्यात जोरात माझ्या.

मी तिथला उपशिक्षक. तेरा वर्षांच्या भाचीला ज्युदो शिकायला मीच नेलं. तिला दमा, म्हणून खिशात कायम पंप. तिची पहिली स्पर्धा ठरली, तेव्हा गुरुजींनी तिच्या मुठीत तो पंप दिला, हात दाबला आणि...

थांबा. खोटं सांगतोय.

गुरुजींनी नाही. मी दाबला. त्यांनी नुसती मान डोलावली.

"विषापासून लांब राहायचं, म्हणून मनगटाशी दाबायचं. प्राणशक्तीला मान द्यायचा, म्हणून जवळ जाऊन खांद्याशी दाबायचं." हा त्यांचा दंडक. दहा वर्षं पाळला. का, म्हणून एकदाही विचारलं नाही. ज्युदोत सगळ्यात आधी पडायला शिकवतात; नीट, कुरकुर न करता. आमची डोकीही तशीच पडायला शिकली होती.

भाचीचा हात पडला. तिने पंप कपाटात टाकला.

स्पर्धा रविवारी. गुरुवारी सरावात तिचे ओठ निळे पडले. दवाखान्यात औषधाची वाफ दिली, तेव्हा श्वास परतला. पहिलं वाक्य काय बोलावं पोरीने?

"मामा, पंप घेतला तर मी रविवारी हरेन."

तिची आई, म्हणजे माझी ताई, कपाटांच्या कारखान्यात दारं बसवते. ती रडली नाही. म्हणाली, "दाखव, कसं दाबतोस."

दाखवलं. तिने खोलीच्या दाराकडे बोट केलं.

"दार बिजागरीपाशी ढकलून बघ. मग कडीपाशी ढकल. कुठे जड जातं? एवढं शेंबड्या पोरालाही कळतं रे, काळ्या पट्ट्यावाल्या!"

शनिवारी हॉल पुन्हा गच्च. ताई लेकीला घेऊन थेट गादीवर आली. हातात खिळ्यांच्या दोन सारख्या डब्या, चिकटपट्टीने बंद.

"गुरुजी, पंप कुठल्या डबीत आहे, ते हिचा हात दाबून सांगा."

"बाई, शंका आली की शक्ती निघून जाते."

"शंका बाहेर चपलांपाशी ठेवून आलेय. तुम्ही दाबा."

लोक हसले. आता माघार कशी घेणार? पहिली डबी मुठीत, बोटं मनगटावर. हात खाली. "विष!" दुसरी डबी, बोटं खांद्याशी. हात ताठ. "ही निर्मळ!"

ताईने चिकटपट्ट्या ओढल्या. दोन्हींत पंप. कालच घेतलेले, एकसारखे.

"पत्र्याने शक्ती अडते," गुरुजी म्हणाले.

"हां, असेलही," मागून कुणीतरी म्हणालं. त्या 'असेलही'ने माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात भाची पुढे झाली.

"गुरुजी, आता मी दाबू?"

तिने ते पवित्र लाकूड त्यांच्याच मुठीत दिलं आणि दुसरा हात आडवा धरायला लावला. आधी दोन्ही तळवे खांद्याजवळ ठेवून सगळा भार टाकला. हात हलला नाही. गुरुजी हसले. मग तिने तळवे मनगटावर नेले आणि तसाच भार टाकला. अडतीस किलोची पोर! गुरुजींचा हात खाली आला. लाकूड मुठीतच होतं.

मी लोकांकडे वळलो.

"तीच मुलगी, तेवढाच भार, तेच लाकूड," मी ओरडलो. "बदलली फक्त जागा! दहा वर्षं मी तुमच्या पोरांचे हात असेच दाबलेत. एकाही औषधात मला विष सापडलं नाही. मला फक्त तुमची मनगटं सापडली. बंद केलेल्या गोळ्यांचं आजच्या आज डॉक्टरांना सांगा!"

"गुरुद्रोही!" गुरुजी किंचाळले.

पण एक बाई उठली. "आमच्या बाबांचं इन्सुलिन... दोन आठवडे बंद आहे हो," म्हणाली आणि अनवाणीच बाहेर धावली.

गुरुजी मात्र लगेच पुढच्या रांगेला सांगू लागले, की आज चंद्राची स्थिती प्रतिकूल होती. आणि निम्मे लोक माना डोलावत होते. मला राग त्यांचाच येतो. त्याहून जास्त माझा. त्या निम्म्यांत मी दहा वर्षं होतो.

रविवारी भाचीने पंप ओढला आणि पहिली लढत जिंकली. दुसरी हरली. पाय आपटत बाहेर आली.

"माझा पाय उशिरा निघाला, मामा!"

"आणि श्वास?"

"श्वासाला काय धाड भरलीय!"

हरण्याचं खरं कारण हातात आलं होतं. सोमवारपासून आम्ही त्या पायावर काम सुरू केलं.

तुम्हालाही कुणी अंगाला हात लावून औषध सोडायला सांगेल. तेव्हा पाया पडू नका. विचारा: कुठे दाबलंस? किती दाबलंस? मुठीत काय आहे, ते तुला आधीच ठाऊक होतं ना?

चिडला, तर उत्तर मिळालं.